महाग ट्यूनर घेतला, तरी बेसूर वाजलो

नुकत्याच सुपाऱ्या मिळायला लागलेल्या बेस गिटारवाल्या पोरांचा एक प्रश्न ठरलेला असतो: महागडा ट्यूनर, म्हणजे तार सुरात आहे का ते दाखवणारं यंत्र, घेऊ का? उत्तर आधी सांगतो, रडगाणं नंतर. पायाने दाबायचा पेडल ट्यूनर घ्या, पण सगळ्यात महाग घेऊ नका. आणि कुठलाही घेतलात तरी हिरवा दिवा लागला म्हणजे आपण सुरात आहोत, असं समजू नका. मी तसं समजलो आणि एक कायमची सुपारी घालवून बसलो.

सुरुवातीला माझ्याकडे गिटारच्या हेडला, म्हणजे खुंट्यांच्या टोकाला, चिमट्यासारखा लावायचा क्लिप ट्यूनर होता. घरी झकास चालायचा. स्टेजवर मात्र मागून किक ड्रम, बाजूला ढोलकी आणि पायाशी मॉनिटर, म्हणजे आपल्याला ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर. क्लिप लाकडाची थरथर पकडतो, त्यामुळे मॉनिटरचा दणकाही त्याला तुमच्या तारेइतकाच खरा वाटतो. त्यात बेसची ई तार ४१ हर्ट्झची, पाच तारांच्या बेसवरची बी तर ३१ च्याही किंचित खाली. काटा नुसता डुलत राहतो. बाराव्या पडद्यावरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून निघणारा बारीक स्वर) हलक्या हाताने वाजवा, जोरात छेडलेली तार आधी चढी बोलते आणि मग खाली बसते, खुंटी नेहमी खालून वर आणा... हे तुम्हाला ठाऊक असेलच.

तर मी वैतागून दोन महिन्यांची पाकिटं साठवली आणि स्ट्रोब जातीचं पेडल घेतलं. बॉसच्या टीयू-३ या पेडलची अचूकता एक सेंटची, पीटरसनच्या स्ट्रोबची ०.१ सेंटची. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. मला वाटलं, दहापट अचूक म्हणजे दहापट सुरेल. खरं सांगतो, डाव्या हाताचं बोट जरा जास्त दाबलं गेलं तरी तार एका सेंटहून जास्त चढते. ०.१ चा उपयोग घरी निवांत बसून इंटोनेशन, म्हणजे प्रत्येक पडद्यावर तार सुरात बोलेल अशी जुळणी, लावताना होतो. मांडवात नाही. व्हिडिओ बघून पेडलं गोळा करणाऱ्यांना हे पटत नाही, न पटो.

आता मी कुठे आपटलो ते. साताऱ्याकडे आषाढीचा अभंगांचा कार्यक्रम. पेटी, पखवाज, टाळ, कीबोर्ड आणि मी. चारही तारा नव्या पेडलवर इतक्या काटेकोर लावल्या की मीच माझ्यावर खूश. पहिल्या अभंगातच लांब धरलेले सूर गढूळ ऐकू यायला लागले. मी पुन्हा म्यूट करून तपासलं, सगळं बरोबर. पुन्हा गढूळ. साउंडवाल्याकडे रागाने पाहिलं. मध्यंतरात गायकबुवा एवढंच म्हणाले, "बेस जरा उतरलाय का बघा." मी त्यांना चक्क पेडलचा दिवा दाखवला! त्यानंतर त्यांच्याकडून बोलावणं आलं नाही.

झालं होतं असं. ट्यूनर 'ए' हा स्वर ४४० हर्ट्झचा धरून चालतो. पेटी ४४० वर नव्हती, ४४३ च्या आसपास होती. पेटीच्या आत पितळी पट्ट्या असतात, प्रत्येक वेगळी घासून सुरात आणलेली, आणि स्टेजवर तिला कुणी हलवू शकत नाही. ४४० आणि ४४३ मध्ये जवळजवळ १२ सेंटचा फरक पडतो. मी ०.१ सेंटची चैन करत बसलो होतो आणि अख्खा १२ सेंट उतरलेला वाजत होतो, तेही पूर्ण अचूकपणे. कीबोर्डवाल्याने आपलं मशीन मास्टर ट्यूनमध्ये जाऊन आधीच पेटीला जुळवलं होतं. मला त्याने सांगितलं नाही, पण मी तरी कुठे विचारलं? पखवाजवाला चारशे-चाळीस वगैरे कधी विचारत नाही. तो पेटीचा सा मागतो आणि हातोडी काढतो.

म्हणून साउंडचेकला पेटीवाल्या काकांना पांढरी सहा धरायला सांगा. तुमच्या ए तारेचाच तो स्वर. पेडलला कान नसतात, त्यात फक्त जॅक जातो. म्हणून फोनवरचं फुकटचं ट्यूनर ॲप पेटीजवळ धरा आणि आकडा बघा. साधारण ४ सेंट चढं दिसलं तर पेडलचं कॅलिब्रेशन, म्हणजे तो ४४० चा आकडा, बदलून ४४१, ८ असेल तर ४४२, १२ असेल तर ४४३. टीयू-३ वर ४३६ ते ४४५ पर्यंत जाता येतं. मग गायकाचा सा ज्या पट्टीत आहे ती पट्टीही तपासा, कारण पेटीच्या सगळ्या पट्ट्या सारख्या सरकलेल्या नसतात. काळी दोन वेगळंच काही सांगत असेल तर तिचं ऐका. शेवटी ए तारेच्या पाचव्या पडद्यावरचा हार्मोनिक पेटीच्या मधल्या पांढऱ्या सहाबरोबर धरून ठेवा. ४४३ च्या पेटीबरोबर ४४० ची तार धरली की दोघांचा मिळून आवाज सेकंदाला साधारण दीड वेळा लहानमोठा होत हेलकावतो. हेलकावा थांबला की जुळलं. एवढ्याला तीन मिनिटं लागतात.

माझे पहिले मास्तर म्हणायचे, ट्यूनर म्हणजे कुबडी, कान तयार करा. अर्धं खरं आहे. पण मांडवात टाळ वाजत असताना ई तार कानाने लावून दाखवा म्हणावं. पेडलची खरी किंमत म्यूटसाठी आहे: दाबलं की आवाज बंद, निवेदक बोलत असताना गुपचूप तार लावून मोकळे. उन्हात दिवे दिसतात, पाय पडला तरी फुटत नाही. हे सगळं मधल्या किमतीतही मिळतं. वरचे पैसे नव्या तारांवर घाला. जुन्या तारा कुठल्याच ट्यूनरचं ऐकत नाहीत.

आणि घाबरू नका. गढूळ वाजलं तरी दहातले आठ श्रोते ओळखत नाहीत. उरलेले दोघे मात्र सुपाऱ्या देणारे असतात.

एक राहिलं. कार्यक्रम संपला की आकडा परत ४४० वर आणा. बरीच पेडलं शेवटचा आकडा लक्षात ठेवतात. पुढच्याच आठवड्यात एका लग्नात रेकॉर्डेड ट्रॅकवर मी पूर्ण तासभर ४४३ वर वाजवलं. त्या वेळी चढा होतो.