लांबलेल्या ॲनिमेत हिरोला झुकतं माप किती? या चुका टाळा

हिरोला झुकतं माप द्यावंच लागतं. मालिका त्याच्या नावावर चालते, शेवटचा घाव त्याचाच असतो. पंचाईत होते ती शंभर-दोनशे भागांनंतर. तोवर बाकीची मंडळी कडेला उभी राहून "अरे बापरे, केवढी ही ताकद!" एवढं म्हणण्यापुरती उरलेली असतात. मांगा (जपानी चित्रकथा), वेबकॉमिक किंवा फॅनफिक्शन (चाहत्यांनी लिहिलेल्या गोष्टी) लांबवर चालवणाऱ्यांच्या हातून हे हमखास होतं, आणि कुठे चुकलं ते शोधताना बहुतेक जण भलतंच मोजत बसतात.

मिनिटं मोजणं

ॲनिमेचा, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकेचा, एक भाग साधारण २४ मिनिटांचा. सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं दीड-दीड मिनिटाचं, शिवाय मागच्या भागाची उजळणी. हातात उरतात वीसेक मिनिटं. त्यातली कोणाला किती दिली हा हिशेब फसवा असतो.

'ड्रॅगन बॉल झी'मधली तेव्हाचा शत्रू व्हेजिटाशी पहिली लढाई आठवा. हिरो गोकू उशिरा पोचतो, जोरदार लढतो आणि शेवटी हाडं मोडून जमिनीवर पडतो. व्हेजिटाची शेपटी गोकूचा साथीदार याजिरोबे तलवारीनं कापतो. गोकूनं जमवलेला स्पिरिट बॉम्ब (इतरांकडून गोळा केलेल्या ऊर्जेचा गोळा) मित्र क्रिलिन फेकतो, गोकूचा मुलगा गोहान तो व्हेजिटाकडे परतवतो, आणि पुढे अजस्र माकड झालेला गोहानच व्हेजिटावर कोसळतो. कॅमेरा बराच वेळ गोकूवर असतो, तरी विजय चौघांचा वाटतो. कारण बाकी तिघांनी केलेलं काम गोकूला नंतर उठून निस्तरावं लागत नाही.

म्हणून कागदावर तीन रकाने आखा: निर्णय कोणता, कोणी घेतला, शेवटपर्यंत टिकला का. १२-१३ भागांच्या हंगामात इतरांचे निदान तीन-चार निर्णय टिकलेले दिसावेत. तिसऱ्या रकान्यात सारखं 'हिरोनं येऊन सावरलं' असंच येत असेल, तर त्या पात्रांना आणखी दृश्यं देऊन उपयोग नाही.

मित्राची मोजपट्टी करणं

नवा शत्रू किती भारी आहे हे दाखवायचं, म्हणून घरच्या पैलवानाला एका फटक्यात आडवं करायचं. एकदा चालतं. 'ब्लीच'मधला हिरोचा मित्र चाड या युक्तीचा ठरलेला बळी. सोल सोसायटी या आत्म्यांच्या जगात प्रतिस्पर्धी क्योराकुसमोर त्याचं काही चालत नाही. हुएको मुंडो या शत्रूंच्या प्रदेशात त्याला नवी ताकद मिळते, तो गांटेनबाइन या शत्रूला हरवतो, आणि लगेच नोइत्रा येऊन त्याला लोळवतो. म्हणजे पात्र वाढवलं ते पाडण्यासाठी. असं दोनदा झालं की प्रेक्षक तिसऱ्यांदा त्याच्या पॉवर-अपकडे, म्हणजे वाढलेल्या ताकदीकडे, बघतही नाही.

उपाय सोपा आहे. कमजोर पात्राला जिंकू देऊ नका, पण त्याच्या हरण्यातून काहीतरी हाती लागू द्या. 'ड्रॅगन बॉल झी'मध्ये खलनायक सेल आपल्यापेक्षा कितीतरी ताकदवान आहे हे माहीत असूनही गोकूचा साथीदार तेनशिनहान वरून एकामागून एक किकोहो (ऊर्जेचे वार) मारत त्याला खड्ड्यात दाबून ठेवतो, तेवढ्यात सेल जिच्या मागे लागलेला असतो ती अँड्रॉइड १८ निसटते. सेलला ओरखडाही फारसा जात नाही, पण पुढची गोष्ट या वार करण्यानंच बदलते.

हिरोला जवळपास ठेवून दुसऱ्याला संधी देणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. हिरो हाकेच्या अंतरावर असेल तर प्रेक्षक दुसऱ्याची लढाई बघत नाही, हिरोची वाट बघतो. महाभारतात अभिमन्यूच्या चक्रव्यूहाआधी अर्जुनाला संशप्तकांनी दूर ओढून नेलेलं असतं ते उगीच नाही.

याचा उत्तम नमुना म्हणजे 'नारुतो शिपूदेन'चे ७२ ते ८८ हे भाग. असुमाला शत्रू हिदाननं मारलेलं असतं, म्हणून सूड असुमाच्या शिष्याचा, शिकामारूचा. हिरो नारुतो तेव्हा रासेनशुरिकेन या नव्या तंत्राच्या सरावात अडकलेला. सबब पटण्यासारखी आहे, कारण हे तंत्र तयार होणं हाही त्याच आर्कचा (सलग चालणाऱ्या कथानकाचा) भाग. शत्रूही दोन आहेत, हिदान आणि त्याचा जोडीदार काकुझू, आणि ही वाटणी मुद्दाम केलेली आहे. शिकामारू हिदानला सावलीनं बांधून जोडीदारापासून लांब, नारा घराण्याच्या जंगलात नेतो. तिथे आधीपासून सापळा तयार असतो. हिदान मरतच नाही, तेव्हा शिकामारू त्याला स्फोटांनी फोडून खोल खड्ड्यात गाडून टाकतो. नारुतो येतो, नवं अस्त्र चालवतो, पण काकुझूवर. हिदानला तो हातही लावत नाही. हिरोला त्याचा धमाका मिळाला, शिकामारूचा सूडही कोणी हिसकावला नाही.

तुमच्या आर्कमध्ये शत्रू एकच असेल तर काम दोन प्रकारचं करा. 'वन पीस'च्या ड्रेसरोझा आर्कमध्ये शुगर या शत्रूला लांबून नेमकं टिपायचं असतं. तिथे हिरो लफीची ताकद कुचकामी, साथीदार उसॉपची नेमबाजीच हवी. हिरोला जे जमणारच नाही असं काम मुळात कथेत असलं पाहिजे. ऐनवेळी घुसडलं तर लगेच कळतं.

राहिलेल्यांना फिलरमध्ये ढकलणं

मूळ 'नारुतो'चे १३६ ते २२० हे जवळपास सगळे भाग फिलर, म्हणजे मूळ मांगात नसलेले भरीचे भाग, आहेत. दुय्यम पात्रांना तिथे भरपूर जागा मिळाली, पण त्यानं त्यांचं वजन वाढलं नाही. फिलर संपताना पात्र मांगामध्ये होतं तिथेच परत आणून ठेवावं लागतं. नवी जखम नको, नवं नातं नको, मोठी चूकही नको. याउलट त्याच मालिकेतला नारुतोचा सहकारी रॉक लीचा गाराशी सामना बघा. ली हरतो, डावा हात आणि पाय चिरडला जातो, आणि पुढे शस्त्रक्रिया करावी की नाही हा प्रश्न त्याच्या मानगुटीवर बसतो. नारुतो सज्ज्यात उभा राहून बघत असतो, तरी भाग लीचाच.

(मरणाच्या भागातच पहिल्यांदा बालपणीचा फ्लॅशबॅक देणं हाही याच जातीचा आळस. आधीच्या भागांत दोन छोट्या खुणा पेरून ठेवा.)

सगळ्यांना सारखं वाटणं

टीकेला घाबरून उलट्या टोकाला जाऊ नका. 'हंटर x हंटर'च्या २०११च्या मालिकेत चिमेरा अँट आर्क ६१ भागांचा आहे, आणि त्यात मुख्य चौघांपैकी कुरापिका नाही, लिओरिओही नाही. त्यांचं तिथे काम नव्हतं, म्हणून ओढून आणलं नाही. लिओरिओ परततो तो पुढच्या आर्कमध्ये, भर सभेत हिरोच्या बापाला, गिंगला, ठोसा लगावत, आणि तेवढ्यावर सगळ्यांना आवडून जातो. ज्याला या आर्कमध्ये काही हवंय, त्यालाच जागा. बाकीच्यांना खुशाल रजा द्या.

वारसा देऊन परत घेणं

पुन्हा 'ड्रॅगन बॉल झी'. सेलला गोहान संपवतो, गोकू मेलेला. वारसा दिला गेला. पुढच्या, बू या शत्रूच्या आर्कमध्ये मात्र शेवटचा घाव फिरून गोकूकडेच येतो, आणि गोहानचं काय करायचं हे कथेला नीट ठरवता येत नाही. वारसा द्यायचा नसेल तर देण्याचा सोहळा करू नका.

गंमत अशी, की त्याच शेवटात एक गोष्ट अचूक जमली आहे. स्पिरिट बॉम्बसाठी ऊर्जा द्या म्हणून व्हेजिटा आणि गोकू पृथ्वीवरच्या लोकांना ओरडून सांगतात, पण बरेच जण ऐकत नाहीत, कारण त्यांना हे आवाज ओळखीचे नाहीत. मग लोकांचा लाडका पैलवान मिस्टर सेतान ओरडतो. आयुष्यभर फुशारक्या मारून कमावलेली त्याची खोटी प्रसिद्धीच तेव्हा कामी येते, आणि लोक हात वर करतात.