नोकरीच्या अर्जांच्या ढिगातून तुमचा कागद वर कसा येईल?

भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात मी क्वालिटी विभागात आहे. गाड्यांचे सुटे भाग बनवतो आम्ही. इन्स्पेक्टरची एक जागा निघाली की दोन दिवसांत एचआरच्या मेलबॉक्सचा उकिरडा होतो. त्यातले तीस-चाळीस बायोडेटा चाळून माझ्याकडे येतात आणि मी ते वाचतो कधी, तर पाळी बदलताना. एका हातात चहा, फोनवर कस्टमरची तक्रार, दारात सुपरवायझर उभा. एका कागदाला अर्धं मिनिट मिळालं तरी खूप.

त्या अर्ध्या मिनिटात आपलं नाव बाजूला काढलं जावं यासाठी काय करायचं, ते पलीकडच्या खुर्चीतून सांगतो. उदाहरण घेतलंय डिप्लोमा मेकॅनिकल झालेल्या, चाकण-भोसरीकडे अर्ज करणाऱ्या फ्रेशरचं, कारण मला तेच रोज दिसतं. बाकीच्यांनी आपापला धंदा त्यात घालून वाचावं.

पायरी १: शंभर नको, दहा

नोकरीच्या ॲपवर एका बोटात अर्ज जातो, म्हणून मुलं बसल्या जागी पन्नास कंपन्यांना अर्ज ठोकतात. मग फोन आला की विचारतात, ‘सर, कुठली कंपनी?’ संपलं तिथंच.

आठवड्याला दहा जाहिराती निवडा. प्रत्येकीची प्रिंट काढा किंवा वहीत उतरवून घ्या, आणि पेनाने खुणा करा: काम काय, कुठली उपकरणं, कुठली पाळी, कुठलं गाव. जाहिरातीत ‘इनकमिंग इन्स्पेक्शन’ (बाहेरून आलेल्या मालाची तपासणी) लिहिलंय आणि तुम्ही ट्रेनिंगमध्ये तेच केलंय, तर बायोडेट्यात तोच शब्द ठेवा. ‘मटेरियल चेकिंग’ लिहिलंत तर माझ्यापर्यंत पोचणारच नाही, कारण एचआर ॲपवर शब्द टाकून शोधतात. जे केलेलं नाही ते मात्र लिहू नका. सेव्हन क्यूसी टूल्स (क्वालिटीतल्या अडचणी शोधायच्या सात पद्धती) लिहिणाऱ्यांना मी सात नावं विचारतो. परेटो आणि फिशबोनवर गाडी थांबते, फार तर हिस्टोग्रामपर्यंत जाते. चार येत असतील तर ती चार लिहा.

वहीत एक रकाना तारखेचा, एक कंपनीचा, एक कुठला बायोडेटा पाठवला त्याचा. फोन येईल तेव्हा ही वही जवळ असू द्या.

पायरी २: एक पान, आणि त्यावरचं पहिलं वाक्य

फ्रेशरला एक पान पुरतं. वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, ‘वरील माहिती खरी असल्याचे मी प्रमाणित करतो’, गाणी ऐकण्याची आवड हे सगळं काढा. तेवढीच जागा मोकळी होईल. आणि ते ‘ऑब्जेक्टिव्ह’ काढाच. आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या प्रगतीला हातभार लावायची इच्छा माझ्याकडे आलेल्या चाळीसपैकी पस्तीस जणांना असते. शब्दसुद्धा तेच, कारण सायबर कॅफेवाल्याकडची फाइल एकच.

त्याऐवजी वर दोन ओळी, नुसत्या कामाच्या: ‘डिप्लोमा मेकॅनिकल, २०२४. सहा महिने टर्निंग विभागात इन-प्रोसेस इन्स्पेक्शन. व्हर्नियर, मायक्रोमीटर, बोअर गेज, हाइट गेज वापरता येतात. तिन्ही पाळ्या चालतील, राहायला मोशीत.’ राहायला कुठे हे क्षुल्लक वाटेल, पण रात्रपाळीला माणूस कसा पोचणार, हा माझा पहिला प्रश्न असतो.

खाली ट्रेनिंगबद्दल लिहिताना क्रियापद आणि आकडा हवा. ‘क्वालिटी विभागात काम केले’ यातून मला काही कळत नाही. ‘रोज साधारण ३०० शाफ्टचे पाच डायमेन्शन तपासून रिपोर्ट भरले, बर राहिल्यामुळे होणारं रिजेक्शन वेगळं नोंदवायला सुरुवात केली’ (बर म्हणजे कापताना कडेला राहिलेला धातूचा कंगोरा) हे वाचलं की मुलगा डोळ्यांसमोर उभा राहतो. आकडे तुमचे स्वतःचे घ्या. मी दिलेले उचललेत तर दुसऱ्याच प्रश्नाला उघडे पडाल.

ट्रेनिंगच झालं नसेल तर? मग नॅट्सच्या (राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रशिक्षण योजनेच्या) पोर्टलवर नाव नोंदवून एक वर्षाची अप्रेंटिसशिप मिळवायचा प्रयत्न करा. १९६१च्या अप्रेंटिस कायद्याखालची ही योजना डिग्री-डिप्लोमावाल्यांसाठी आहे, आणि शेवटी प्रमाणपत्र मिळतं. स्टायपेंड कमी म्हणून बरीच मुलं नाक मुरडतात. माझ्या मते घरी बसून अर्ज करण्यात गेलेल्या वर्षापेक्षा ते वर्ष कितीतरी भारी.

पायरी ३: केलेलं काहीतरी दाखवा

खरा फरक इथं पडतो.

फायनल इयरचा प्रोजेक्ट आमच्यासमोर येतो तो बहुतेक विकतचा. दुकानं ठरलेली, प्रोजेक्टही ठरलेले. त्यामुळे त्याकडे आता कुणी फारसं बघत नाही.

मागे सोलापूरकडच्या एका मुलाने बायोडेट्याला एक जास्तीचं पान जोडलं होतं. कॉलेजच्या सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) लेथवर त्याने २० मिलिमीटर व्यासाच्या ३० पिना काढल्या, ऑफसेटला, म्हणजे मशिनमधल्या माप-दुरुस्तीच्या आकड्याला, हात न लावता. प्रत्येक पीस गार झाल्यावर मायक्रोमीटरने मोजला आणि आकडे आलेखावर मांडले. सुरुवातीला १९.९८, शेवटी शेवटी २०.०१. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, अधिक-उणे ०.०५ होता, म्हणजे एकही पीस रिजेक्ट नव्हता. तरी रेघ वर चढताना दिसत होती, आणि खाली त्याने हाताने लिहिलं होतं: ‘टूल झिजल्यामुळे व्यास वाढला असावा, पण मशिन तापल्यामुळेही असू शकतो. दुसऱ्या दिवशी नवीन इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) लावून पुन्हा बघायचं होतं, मशिन मिळालं नाही.’

मी चहा खाली ठेवला. माल टॉलरन्समध्ये असताना ज्याला चढती रेघ दिसते, आणि जो कारण ठामपणे ठोकून न देता ‘असावा’ लिहितो, त्याला क्वालिटीचं निम्मं काम आधीच येतं. त्या ढिगातून पहिला फोन त्यालाच गेला.

असं एक पान कुणालाही करता येतं. कॉलेज मशिन देत नसेल तर हार्डवेअरच्या दुकानातून एकाच मापाचे पन्नास बोल्ट आणा आणि व्हर्नियरने मोजा. व्हर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात छोटं माप, ०.०२ असेल तर आकडे त्याच हिशोबात लिहा, १०.०३ असं वाचन दिसलं की मोजणारा अंदाजाने लिहितो हे कळतं. अकाउंट्सवाल्यांनी नमुन्याच्या बिलांवर खरेदी रजिस्टर आणि जीएसटीआर-२बी (जीएसटी पोर्टलवर दिसणारी खरेदीच्या बिलांची यादी) यांची एक्सेलमध्ये जुळवणी करून दाखवावी, न जुळलेल्या बिलांची कारणं शेजारच्या रकान्यात. पण कुठल्याही कंपनीचा खरा डेटा, ड्रॉइंग किंवा शॉपफ्लोअरचे फोटो जोडू नका. आज दुसऱ्याचं दाखवणारा उद्या आमचं दाखवेल, एवढाच अर्थ त्यातून निघतो.

पायरी ४: पाठवायचं कसं

फाइल पीडीएफमध्ये, आणि तिचं नाव तुमचं नाव-आडनाव व पद. ‘रेझ्युमे फायनल न्यू २’ नावाच्या फाइली माझ्या डेस्कटॉपवर ढिगाने आहेत. कुठली कुणाची, देव जाणे. ईमेल आयडी नावाचा असू द्या, ‘किंग’, ‘रॉयल’ वगैरे गावच्या फ्लेक्सवर शोभतं. मेलच्या विषयात पद, शिक्षण, गाव. मजकूर चार ओळींचा. रिकाम्या मेलला नुसती फाइल जोडून पाठवणारे अजूनही निम्मे आहेत.

ॲपवरचं प्रोफाइल आठवड्यातून एकदा उघडून काहीतरी अद्ययावत करा. अलीकडे हालचाल असलेली प्रोफाइलं वेगळी काढायची सोय एचआरकडे असते.

पायरी ५: ओळख काढा, पण नीट

‘दादा, कुठे जॉब असेल तर सांगा’ या मेसेजला ‘हो, सांगतो’ यापलीकडे उत्तर नसतं. ज्याला विचारताय त्याला फार काही करावं लागणार नाही असं विचारा. म्हणजे असं:

‘नमस्कार दादा, मी आपल्या कॉलेजचा २०२४च्या बॅचचा. तुमच्या प्लांटमध्ये क्वालिटी इन्स्पेक्टरची जागा निघाल्याचं ॲपवर दिसलं, अर्ज केलाय. बायोडेटा सोबत जोडतो. एक विचारायचं होतं, तिथे मशिनिंगचं इन्स्पेक्शन आहे की असेंब्लीचं? त्याप्रमाणे तयारी करतो. बायोडेटा ठीक वाटला तर पुढे द्याल का?’

यात तो दादा दोन मिनिटांत उत्तर देऊ शकतो. आणि एकदा प्रश्नाचं उत्तर दिलं की बायोडेटा पुढे ढकलायलाही हात आखडत नाही.

पायरी ६: फोन आणि मुलाखत

अनोळखी नंबर उचला. गोंगाटात असाल तर ‘दहा मिनिटांत फोन करू का?’ विचारा आणि खरंच करा. पगाराचा आकडा आधी ठरवून ठेवा, ‘तुम्ही द्याल तो’ म्हणू नका.

एमआयडीसीत गेटवर नोंद, ओळखपत्र, कधी मोबाइल जमा, यात सहज वीस मिनिटं जातात. तेवढं आधी पोचा. चप्पल-सँडल नको, पूर्ण बंद बूट. शॉपफ्लोअरवर न्यायचं ठरलं तर चपलेवाल्याला बाहेरच थांबवावं लागतं. तुमचं ते एक पान तीन प्रतींत न्या. येत नसेल तिथे ‘हे केलेलं नाही’ म्हणा. आणि तुम्हीही एक प्रश्न विचारा, कामाचा: ‘या लाइनवर सध्या सगळ्यात जास्त रिजेक्शन कशामुळे आहे?’ यावर आमचे साहेब पंधरा मिनिटं बोलतात, स्वानुभव आहे.

घरी गेल्यावर एचआरला दोन ओळींचा आभाराचा मेल. आठवड्याने एकदा चौकशी. रोज फोन करणाऱ्याचा नंबर आमच्याकडे ‘उचलू नये’ नावाने सेव्ह होतो.

ऑफर आली तर

नोंदणी, युनिफॉर्म, ट्रेनिंग, डिपॉझिट अशा कुठल्याही नावाने पैसे मागितले तर ती नोकरी नाही. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, लाजून बसू नका.

पत्र खरं असेल तर ते कुणाच्या नावाने आहे ते बघा, कंपनीच्या की काँट्रॅक्टरच्या. काम एकाच गेटच्या आत असतं, पण पगार कोण देणार आणि अनुभवाच्या दाखल्यावर कुणाचा शिक्का बसणार हे तिथं ठरतं. वर्षाच्या पॅकेजच्या आकड्यावरही जाऊ नका. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा धरलेला असतो, आणि तुमच्या पगारातून तुमचा वाटा कापला जातो तो वेगळा. महिन्याला हातात किती पडणार, बस आणि कँटीनचे किती कापणार, हे सही करण्याआधी एचआरकडून लिहून मागा. मेलवर मागितलं म्हणून कुणी ऑफर परत घेतलेली मी तरी पाहिलेली नाही.