आइस हॉकीतली दुसरी इनिंग: खेळाडूचा कोच होताना

व्यावसायिक आइस हॉकी सोडायची वेळ जवळ आली की "आता काय?" हा प्रश्न पडतोच, आणि बहुतेकांचं उत्तर तयार असतं: कोच होऊ. मीही त्याच वाटेने आलो. दुय्यम लीगमध्ये डिफेन्समन म्हणजे बचावपटू म्हणून खेळलो, गुडघ्याने साथ सोडल्यावर असिस्टंट कोच झालो, पुढे मुख्य कोच. या वाटेला लागणाऱ्यांनी एक समज आधीच मनातून काढून टाकावा. खेळाडू म्हणून कमावलेलं नाव तुम्हाला दारापर्यंत नेतं, त्याच्या पुढे नाही.

वेन ग्रेट्स्कीपेक्षा मोठा खेळाडू कोण असणार? पण 2005 ते 2009 अशी चार वर्षं तो फीनिक्स कायोटीजचा कोच होता आणि संघ एकदाही प्लेऑफला, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीला, पोहोचला नाही. उलट स्कॉटी बोमन ज्युनियर गटात खेळत असताना त्याच्या डोक्याला दुखापत झाली आणि त्याचा खेळ तिथेच संपला. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगमध्ये तो एकही सामना खेळला नाही, पण कोच म्हणून नऊ वेळा तिचा विजेतेपदाचा स्टॅनली कप जिंकला. जॉन कूपर तर वकिली करत होता. 2020 आणि 2021 असे सलग दोन कप त्याने टॅम्पा बे संघाला मिळवून दिले. मग आपल्या खेळण्याचा उपयोग काय? उपयोग आहे, पण जे अंगवळणी पडलंय त्याची उकल करून ते दुसऱ्याला सांगता आलं तरच.

माझं उदाहरण देतो. समोरून फॉरवर्ड वेगाने पक (बर्फावरची रबरी चकती) घेऊन येतोय, मी उलटं स्केटिंग करत मागे सरकतोय, हे मी आयुष्यभर केलं. पहिल्यांदा बारा-तेरा वर्षांच्या मुलांना शिकवायला उभा राहिलो तर एकाने विचारलं, "वळायचं नेमकं कधी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाय आपोआप वळायचे! मग स्वतःचेच जुने सामने काढून बघितले. दोघांतलं अंतर साधारण एका स्टिकएवढं ठेवायचं, आपण कायम त्याच्या आणि गोलच्या मध्ये राहायचं, नजर पकावर न ठेवता त्याच्या छातीवर ठेवायची, कारण हात फसवतात, छाती फसवत नाही. तो बाजूने निघून जायला लागला आणि त्याचा खांदा आपल्या कमरेच्या रेषेत आला की वळायचं. हे एवढं मांडायला मला अख्खा आठवडा लागला. नव्या कोचने आपल्या प्रत्येक सवयीची अशी चिरफाड करावी.

दुसरा धडा बेंचचा. खेळत होतो तेव्हा मला फक्त माझी शिफ्ट, म्हणजे बर्फावरची माझी पाळी, दिसायची. पाऊण मिनिट जीव तोडून खेळायचं, बेंचवर येऊन धापा टाकायच्या, पाण्याचा घोट घ्यायचा, पुन्हा उतरायचं. माझ्या आधी कोण आणि नंतर कोण हे कुणीतरी डोकं लावून ठरवतंय, हे जाणवतच नसे. आता तेच काम माझ्याकडे आलं. खेळ थांबला की पाहुण्या संघाने आपले खेळाडू आधी उतरवायचे, ते पाहून यजमान कोच आपले उतरवणार. घरच्या रिंकवर याचा फायदा उठवून त्यांच्या तगड्या लाइनसमोर (एकत्र उतरणाऱ्या तीन फॉरवर्डसमोर) आपली बचावाची पक्की जोडी लावता येते. पाहुणे असलो की हीच जोडी चालू खेळात, पटकन बदल करून गाठावी लागते.

सामन्याच्या तीन भागांतला दुसरा पिरियड तर कोचची खरी परीक्षा. बाजू बदलतात आणि आपला गोल आपल्या बेंचपासून लांब जातो. आपल्याच झोनमध्ये अडकलेले, दमून गेलेले पाच जण बदलायला येऊच शकत नाहीत. अशात कुणी घाबरून पक लांब भिरकावला आणि आइसिंग झालं (मधल्या रेषेच्या अलीकडून मारलेला पक थेट समोरच्या गोलरेषेपलीकडे गेला), की नियमाप्रमाणे त्याच पाच जणांनी फेसऑफला, म्हणजे खेळ पुन्हा सुरू करायला, उभं राहायचं. एनएचएलमध्ये 2017 पासून अशा वेळी त्या संघाला टाइमआउटही घेता येत नाही. म्हणून या पिरियडमध्ये शिफ्ट लहान ठेवा, असं मी ओरडून ओरडून सांगतो. खेळाडूंना ती कटकट वाटते. मलाही वाटायची.

व्हिडिओबद्दल थोडक्यात. रॉजर नीलसन या कोचने 1970च्या दशकात टेप दाखवायला सुरुवात केली तेव्हा त्याला "कॅप्टन व्हिडिओ" म्हणून चिडवत. आज व्हिडिओ कोच ही स्वतंत्र नोकरी आहे, आणि नवख्यांसाठी आत शिरायची सोपी वाट. फक्त खेळाडूंसमोर तासभर क्लिपा चालवू नका. दहा मिनिटांनंतर कुणी बघत नाही.

लहान मुलांचे संघ कमी प्रतीचे समजू नका. मार्टिन सेंट लुई 2022 मध्ये थेट माँट्रियल या एनएचएल संघाचा कोच झाला, तोवर त्याने मुख्यतः आपल्या मुलांच्या संघांना शिकवलं होतं. शिवाय जबाबदारी तिथे जास्त असते. अमेरिकेत 2011 पासून आणि कॅनडात 2013 पासून अकरा-बारा वर्षांच्या गटात बॉडी चेकिंग (अंगाने धडक देणं) बंद झालं. म्हणजे धडक द्यायची कशी आणि सोसायची कशी, हे त्यापुढच्या गटाच्या कोचलाच शिकवावं लागतं. डोक्याला मार बसल्याची लक्षणं ओळखता येत नसतील तर त्या गटाचं काम घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

नोकरीची शाश्वती मात्र धरू नका. संघ हरायला लागला की खेळाडू नाही, कोच बदलतात, तेही हंगामाच्या मध्यावर. आणि दुसऱ्याची गेलेली नोकरी आपली संधी ठरते. नोव्हेंबर 2018 मध्ये क्रेग बेरूबीला सेंट लुइस ब्लूज हा संघ असाच मिळाला. जानेवारीत संघ तळाला होता, जूनमध्ये त्याने स्टॅनली कप जिंकला. रॉड ब्रिंडामोरची वाट संथ होती: 2006 मध्ये कॅरोलायना संघाचा, कप जिंकणारा कर्णधार, 2011 पासून तिथेच असिस्टंट, 2018 मध्ये मुख्य कोच. एवढा मोठा कर्णधार सात हंगाम दुसऱ्याच्या हाताखाली राहिला.

तुमचा शेवटचा हंगाम चालू असेल तर आत्ताच कोचकडे जा आणि पेनल्टी किलच्या (शिक्षेमुळे एक खेळाडू कमी असतानाच्या बचावाच्या) तयारीला बसू द्या म्हणून विचारा. बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. कोचिंगचा प्राथमिक कोर्सही खेळता खेळताच उरकून टाका, निवृत्तीनंतरचे पहिले काही महिने तसेही सैरभैर जातात.