लॉट लावण्याआधी टिपची तयारी

उद्या लेथवर ईएन ८ या मध्यम कार्बन स्टीलच्या शाफ्टचा लॉट असेल, तर तयारी आजच, मशीनपासून दूर, टेबलावर करा. आधी सीएनएमजी १२०४०८ची, म्हणजे होल्डरवर बसणाऱ्या कार्बाइडच्या कापणाऱ्या टिपची, डबी वाचा. स्टीलच्या ग्रेडला निळा रंग आणि 'पी' अक्षर असतं. कोटिंगही बघा. सलग टर्निंगला मी सीव्हीडी (रासायनिक वाफेतून चढवलेलं जाड कोटिंग) घेतो. तापलेली चिप वरच्या अंगावर घासते तिथे त्यातला ॲल्युमिनाचा (ॲल्युमिनियम ऑक्साइडचा) थर कार्बाइडला सांभाळतो. शाफ्टवरच्या कीवेमुळे (चावीच्या खाचेमुळे) कट तुटत असेल तर पीव्हीडी (धातूच्या वाफेतून चढवलेलं कोटिंग) बरी, थर पातळ आणि धार तीक्ष्ण.

लूप (छोटं भिंग), मार्कर आणि वही जवळ ठेवा. होल्डरची सीट आणि शिम (टिपखालची पट्टी) पुसून घ्या, हे टाळूच नका. चिपचा एवढासा कण खाली राहिला तरी टिप डुगडुगते, कोपरा उडतो आणि बोल मात्र कोटिंगला लागतो. कूलंटची धार नेमकी कटवर पडते ना, तेही तपासा.

पहिले दहा जॉब झाले की टिप काढून लूपखाली धरा. सोनेरी रंग गेला म्हणून घाबरू नका, तो वरचा पातळ थर असतो. त्याखालचा काळा ॲल्युमिना टिकून आहे तोवर ठीक. काळ्यातून करडं कार्बाइड डोकावलं आणि तिथे खड्डा पडू लागला, तर कापण्याचा स्पीड जास्त आहे: उष्णतेने कार्बाइड चिपमध्ये विरघळत चाललंय. धारेखालच्या बाजूला चकचकीत पट्टी दिसेल. ती एकसारखी वाढत असेल तर झीज निरोगी; ०.३ मिमी झाली की कोपरा बदला.

धारेला स्टीलचा गोळा चिकटलेला दिसला तर नीट विचार करा. सुरुवातीला मी त्याला झीज समजून स्पीड आणखी कमी केला होता. गोळा वाढला, निखळताना कोटिंगचा तुकडा घेऊन गेला आणि पुढचे जॉब खरबरीत निघाले. तिथे स्पीड वाढवायला हवा होता. म्हणून बदल एका वेळी एकच करा, स्पीड नाहीतर फीड (टिप पुढे सरकण्याचा वेग), आणि लगेच वहीत लिहा.

वापरलेल्या कोपऱ्यावर मार्करची खूण करा. चारही कोपरे संपले तरी टिप भंगारात टाकू नका. लॉट पुरा होईपर्यंत वहीच्या पानावर चिकटपट्टीने लावा, शेजारी प्रत्येक कोपऱ्यावर निघालेले जॉब आणि स्पीड लिहा.