समुद्रघोड्यांच्या हॅचरीत काम करायचंय?

मत्स्यशास्त्राची मुलं अधूनमधून विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. आधी कायद्याचं. भारतात 2001 पासून समुद्रघोडा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहे. घरच्या काचपेटीत पाळायचा विचार सोडून द्या. हॅचरीचं, म्हणजे पिल्लं जन्माला घालून वाढवण्याचं, काम परवानगी असलेल्या संस्थेतच होतं. गोव्यातल्या दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं केरळमधलं विळिंजम केंद्र, दोन्हीकडे हिपोकॅम्पस कुडा या जातीवर काम झालंय.

नर पिल्लं देतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पाहुणेही तेवढंच बघायला येतात. तुमचा दिवस मात्र खाद्यात जातो. या माशाला दात नाहीत आणि जठरही नाही. खाल्लेलं भराभर पुढे सरकतं, म्हणून थोडं थोडं, पण सारखं द्यावं लागतं. पिल्लांना तर उजेड असेपर्यंत समोर काहीतरी हलतं हवंच.

ते हलतं म्हणजे बहुतेक वेळा आर्टेमिया, खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव. खाली निमुळत्या होत गेलेल्या बरणीत खारं पाणी, अंडी, तळातून जोरात हवा आणि वर दिवा. पाणी 28 अंशांच्या आसपास असेल तर साधारण 24 तासांत नारिंगी पिल्लं निघतात. खरं कसब ही पिल्लं वेगळी काढण्यात आहे. हवा बंद करा, वरचा भाग काळ्या कापडाने झाका, तळाशी बॅटरी धरा. पिल्लं उजेडाकडे खाली येतात, रिकामी टरफलं वर तरंगतात, न फुटलेली अंडी बुडाशी बसतात. तोटी उघडली की पहिली धार फेकायची, मधली नारिंगी धार गाळणीत घ्यायची आणि टरफलं उतरू लागली की लगेच बंद करायची. घाई केलीत तर टरफलं समुद्रघोड्याच्या पिल्लांच्या आतड्यात अडकतात.

नुसत्या आर्टेमियावर समुद्रघोड्याची पिल्लं खंगतात, कारण त्यात डीएचए हे मेदाम्ल जवळजवळ नसतं. अंड्यातून निघाल्या निघाल्या आर्टेमियाचं तोंडही उघडलेलं नसतं. पहिली कात टाकल्यावर ते खायला लागतं, तेव्हा त्याला तेलाचं मिश्रण किंवा शेवाळ खाऊ घालायचं आणि मग ते पुढे द्यायचं. पहिल्या काही दिवसांसाठी कोपेपॉड, म्हणजे समुद्रात तरंगणारे अगदी बारीक कवचधारी जीव, मिळाले तर माझ्या मते त्यांच्यासारखं काही नाही. मात्र समुद्रातून जाळीने आणलेत तर सोबत हायड्रॉइड, म्हणजे जेलीफिशच्या नात्यातले बारीक जीवही येतात आणि ते पिल्लांना डसतात.

नवी पिल्लं उजेडाच्या ओढीने पृष्ठभागावर जातात आणि हवा गिळतात. मग ती तरंगत राहतात, खाली येऊन खाऊ शकत नाहीत आणि मरतात. टाकीच्या बाजू काळ्या ठेवा, पाण्यावरचा तेलकट तवंग काढत राहा आणि बारीक बुडबुडे सोडणारा एअर स्टोन पिल्लांच्या टाकीत घालू नका.

मोठ्या समुद्रघोड्यांना गोठवलेल्या मायसिडवर (कोळंबीसारखा छोटा जीव) किंवा बारीक जवळ्यावर आणायला चिकाटी लागते. मेलेला जवळा हलत नाही, म्हणून तो हलक्या प्रवाहात सोडायचा, सुरुवातीला जिवंत खाद्यात मिसळून. नायलॉनच्या दोरीला शेपटी गुंडाळून बसलेला मासा एक डोळा त्याच्याकडे वळवतो, दुसरा भलतीकडेच. बराच वेळ निरखतो. मग मान झटकतो आणि टक्! खोली शांत असेल तर ऐकू येतं. त्याने तोंड फिरवलं तर तो तुकडा सायफनने काढा, कारण कुजलं की अमोनिया आणि पाठोपाठ व्हिब्रिओ हे रोगकारक जिवाणू.

शिक्षण म्हणाल तर रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून पदवी आणि वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेतून पदव्युत्तर, हा सरळ रस्ता. प्राणिशास्त्रवालेही येतात, फक्त त्यांना पंप आणि नळजोडणी शिकावी लागते. प्रकल्पाची नेमणूक घेण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या: वीज गेली तर जनरेटर आहे का, आणि गणपतीत टाक्या कोण बघतं? नवीन माणूस असेल तर बहुधा तोच.