रेडिएटर गार? आधी मोटराइज्ड व्हॉल्व्ह बघा
यूकेतल्या घरात नळाला गरम पाणी येतंय पण रेडिएटर गारच, असं झालं की लगेच बॉयलरला दोष देऊ नका, आधी सिलिंडरच्या (गरम पाण्याच्या टाकीच्या) कपाटातला हीटिंगचा टू-पोर्ट व्हॉल्व्ह बघा, म्हणजे रेडिएटरकडे जाणारं गरम पाणी मोटरने सोडणारा-अडवणारा व्हॉल्व्ह. खोलीचा थर्मोस्टॅट (तापमान ठरवणारं बटण) वाढवा, मिनिटभर थांबा आणि व्हॉल्व्हच्या बाजूची छोटी दांडी बोटाने सरकवा. सैल लागली तर व्हॉल्व्ह उघडलाय, स्प्रिंगचा ताण लागला तर मोटर फिरलेलीच नाही, म्हणजे एकतर मोटर गेली नाहीतर मोटरला वीज देणाऱ्या ब्राउन वायरला 230 व्होल्ट येतच नाहीयेत. उलट हीटिंग बंद करूनही बॉयलर चालूच राहिला तर बहुतेक व्हॉल्व्हमधला मायक्रोस्विच (बॉयलरला चालू करणारा छोटा स्विच) चिकटलाय. आणि प्लीज, व्हॉल्व्हची ग्रे वायर थर्मोस्टॅट बंद असला तरी लाइव्ह असते, म्हणजे तिच्यात वीज असते, त्यामुळे झाकण उघडायच्या आधी मेन सप्लाय बंद करायचाच.