किडका दोडका बांधावर टाकू नका

एप्रिल सरत आला की माझ्या फोनवर एकच फोटो वेगवेगळ्या गावांतून येतो. तळहातावर धरलेला दोडका, कोयत्यासारखा वाकलेला, बाकाच्या आतल्या अंगाला पिवळा डाग आणि डागावर वाळलेला डिंकासारखा थेंब. खाली प्रश्न ठरलेला: "कोणतं औषध मारू?" मी उलट विचारतो, "हा दोडका कुठे टाकलात?" मग पलीकडून बराच वेळ काही येत नाही. फोटो काढून झाल्यावर तो बांधावरच गेलेला असतो, कालच्या आणि परवाच्या दोडक्यांशेजारी.

ही फळमाशी. दोडका, कारलं, काकडी, दुधी, पडवळ, कलिंगड, सगळ्या वेलवर्गात हिचाच धुमाकूळ. उन्हाळी भाजी पाण्यावाचून जाते तशी हिच्यामुळेही जाते. फरक एवढाच की पाण्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं आणि टाकलेल्या फळाकडे कुणाचंच नसतं.

गेल्या मे महिन्यात घोड नदीच्या काठावर एकांचा पंधरा गुंठे दोडका बघायला गेलो. मांडव ताठ, ड्रिप नीट, सरीत उसाचं पाचट, नाव ठेवायला जागा नाही. चार फवारण्या झाल्या होत्या, प्रत्येक वेळी नवी बाटली. तरी दर तोड्याला निम्मा माल बाजूला काढावा लागत होता. बाजूला म्हणजे मांडवापासून वीस पावलांवर, बाभळीखाली. मी तो ढीग काठीने उलटला. आतल्या पांढरट अळ्या अंगाची कमान करून टुणकन उडत मातीवर पडायला लागल्या. मग ढिगाखालची दोन बोटं माती खुरप्याने खरवडून घमेल्यात घेतली आणि दोघांनी बसून निवडली. साळीच्या दाण्याएवढे तपकिरी कोष, त्रेचाळीस भरले. काका म्हणाले, "म्हणजे मी पाळल्याच की!" औषध वेलावर चाललं होतं आणि माशा बाभळीखाली तयार होत होत्या.

हिशेब समजून घ्या, म्हणजे मी एवढा का मागे लागलोय ते कळेल. मादी कोवळ्या फळाच्या सालीत सुईसारखी नळी खुपसून आत अंडी घालते. एक-दोन दिवसांत अंडं फुटतं. अळी फळाच्या आत राहून गर खाते. उन्हाळ्यात चार ते सात दिवसांत ती पोसली की फळ फोडून बाहेर येते, मातीत दोन-तीन बोटं खोल जाते आणि कोष करते. कोषातून आठ-दहा दिवसांत माशी. वरून मारलेलं औषध ना फळातल्या अळीला पोचतं, ना मातीतल्या कोषाला. पोचतं ते उडत्या माशीला, तेही ती त्या वेळी वेलावर असली तर. दिवसाचा बराच वेळ ती बांधावरच्या मक्यात, एरंडीत, सावलीच्या पानाखाली बसलेली असते. आपल्या हातात सहज येणारा टप्पा एकच, अळी फळात असतानाचे ते चार ते सात दिवस.

पुण्या-नाशिकच्या आसपास दोन-पाच गुंठे घेऊन शनिवार-रविवारी भाजी करणारी मंडळी आता बरीच झाली आहेत. त्यांना वेगळं सांगतो. तुम्ही रविवारी संध्याकाळी गाडी काढता आणि पुढच्या शनिवारी परत येता. मधल्या दिवसांत पडलेल्या फळातली अळी मातीत पोचलेली असते. तुमच्या बिनऔषधाच्या वाफ्यातून शेजाऱ्याच्या मांडवावर माशी जाते, आणि तो बिचारा फवारत बसतो. शेजारच्या घरी रोज पाच मिनिटांचं काम सांगून ठेवा. तेही जमत नसेल तर वेलवर्ग लावूच नका. भेंडी, गवार, चवळी लावा.

काय करायचं ते साधं आहे. रोज सकाळी, निदान एका दिवसाआड, बादली घेऊन मांडवाखालून एक फेरी मारायची. पडलेलं फळ उचलायचं, वेलावरचं वाकडं, डंख मारलेलं, पिवळं पडलेलं तोडायचं. हे दुसरं लोक टाळतात. "मोठं होऊ द्या, बघू" म्हणतात. डंख बसलेलं फळ मोठं झालं तरी बाजारात चालत नाही, आणि तोवर आतली अळी निघून गेलेली असते. गोळा केलेली फळं जाड काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत भरून तोंड घट्ट बांधा आणि पिशवी आठवडाभर रणरणत्या उन्हात ठेवा. आत शिजून जातात. भोक पडलेली पिशवी वापरू नका, अळी त्यातून वाट काढते. फळं जास्त असतील तर दोन फूट खोल खड्डा, वरून माती दाबून. वीतभर मातीतून माशी सहज वर येते, म्हणून वरवर पुरलेलं न पुरल्यासारखंच. उकिरड्यावर तर अजिबात नको. जनावराला घालायचं असेल तर त्याच तासाला घाला आणि त्या वेलावर औषध मारलेलं नसेल तरच. गोठ्याबाहेर रात्रभर ढीग राहिला की तीच बाभळीखालची गोष्ट.

घाई कशाची, तर वळवाची. कडक कोरड्या उन्हात माशीचा जोर जरा कमी असतो. ढग आले, रात्री उकडायला लागलं, एक सर झाली की ती उसळते. सरीनंतर आठ-दहा दिवसांनी डंख एकदम वाढतात असा माझा बांधावरचा अनुभव आहे. पुस्तकात हा आकडा शोधू नका. वळीव झाल्यावर धावपळ करणाऱ्याच्या हाती फार काही लागत नाही. आत्ता, जमीन कोरडी आहे तोवर, वेलाखालची माती दोन बोटं हलवून घ्या. कोष उघडे पडतात, उन्हाने आणि साळुंक्यांनी संपतात. मुळं वरच्या थरात असतात, म्हणून खुरपं खोल घालू नका.

आता सापळ्यांचं. दुकानात जाऊन नुसतं "फळमाशीचा सापळा द्या" म्हणालात तर बरेचदा आंब्याचा हातात पडतो. सापळ्यात माशीला वासाने ओढणारी वडी असते. आंबा-पेरूच्या माशीला मिथाइल युजेनॉलची लागते, वेलवर्गाच्या माशीला क्यू ल्युअरची. वड्या दिसायला सारख्याच. पाकिटावरचं नाव वाचून घ्या. एकरी दहा सापळे पुरतात, दहा गुंठ्यांना दोन-तीन. फळांच्या उंचीला, सावलीत टांगा. वडी साधारण दीड-दोन महिन्यांनी बदला. महागडा डबा नको. पाण्याच्या लिटरच्या बाटलीला वरच्या भागात बोटभर रुंदीची चार भोकं पाडून आत वडी टांगली आणि तळाशी साबणाचं पाणी ठेवलं तरी काम होतं. पण या सापळ्यात फक्त नर येतात, हे दुकानदार सांगत नाही. सापळा भरला म्हणून निर्धास्त होऊ नका, डंख मारणारी मादी बाहेरच आहे. आमच्याकडच्या जुन्या बायका आंब्याखाली तुळशीचा पाला ठेचून ठेवत. त्याला आंब्याची माशी खरोखर येते, कारण तुळशीत तेच मिथाइल युजेनॉल असतं. दोडक्याच्या माशीला मात्र तुळशीचं काही सोयरसुतक नाही.

औषध मारायचंच असेल तर आमिष म्हणून मारा. शिफारस जुनी आहे: १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम गूळ आणि मॅलॅथिऑन ५० ईसी २० मिली. सगळ्या वेलावर नाही, बांधाच्या मक्यावर, पानाखालून, जागोजाग थोडं थोडं. त्यासाठी मांडवाभोवती मक्याच्या दोन ओळी आधीच हव्यात. दोडक्याची आणि दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात, काकडी-कारल्याची सकाळी. फुलांवर एक थेंबही जाऊ देऊ नका. लेबलवर पीक आणि तोडणीपूर्वीचा कालावधी वाचा. आणि मिश्रणाच्या बाटल्या, "फुटवा-फळ-माशी तिन्हीवर एकच" वगैरे, दुकानातच राहू द्या.

फळगळीचं तसंच. बोटाएवढा दोडका पिवळा पडून गळला की दुकानदार म्हणतो टॉनिक कमी पडलं, आणि नऊशेची बाटली पुढे सरकवतो. आधी नखाने तो दोडका उभा चिरा. अळी असेल, डंखाची खूण असेल तर माशी. आत स्वच्छ असेल तर बहुतेक परागीभवन झालेलं नाही. पहाटे किंवा सांजेला नर फूल तोडून मादी फुलाला हाताने लावा, चार दिवसांत फरक कळेल. बाटलीने मधमाशी येत नाही.

घरापुरते दहा-वीस वेल असतील त्यांनी कागद वापरावा. फळ बोटाएवढं झालं की वर्तमानपत्राची नळी करून त्यावर चढवायची आणि देठाशी सुतळीने सैल बांधायची. पडवळाला सरळ वाढावं म्हणून खाली दगड बांधतो, त्याच वेळी कागदही चढवावा. शंभर टक्के वाचतं असं नाही, पण घरच्या भाजीपुरतं नक्की वाचतं.

बाकीची कामं नेहमीचीच:

– पाणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर; थोडं आणि वारंवार.
– आच्छादन: पाचट, गव्हाचं काड. खोडाला चिकटवू नये.
– काकडी, कारली: नत्र, स्फुरद, पालाश हेक्टरी १००:५०:५० किलो, म्हणजे गुंठ्याला नत्र साधारण १ किलो, निम्मं लागवडीला, निम्मं महिन्याने.
– तांबडे भुंगेरे: रोपं दोन-चार पानांवर असताना दंवात राखुंडी.
– भुरी (पानांवरची पांढरी बुरशी): भर उन्हात गंधक मारू नये, पानं करपतात.
– टोमॅटो, मिरची: दुपारी सावलीची जाळी, ५० टक्के.
– निंबोळी अर्क ५ टक्के, आठ-दहा दिवसांनी, संध्याकाळी.

अक्षय तृतीयेला परसात आळी करून भोपळा, पडवळ, कारली लावायची रीत आहे, आणि ते वेल फळतातही जोरात. पण ते फळावर येतात पावसाळ्यात, माशीच्या ऐन भरात. मेमध्ये बांधावर सुटलेली पिढी वाढत वाढत त्याच वेलांवर येऊन बसते. परड्यातल्या आंब्याखाली पडून सडणारी फळंही उचला. ती माशी वेगळी, पण खोड तीच. २०१४ च्या मे महिन्यात युरोपीय संघाने आपला आंबा आणि त्याच्या जोडीला कारलं, पडवळ, वांगं, अळू बंद केलं ते मालात फळमाश्या आणि इतर किडी सापडत होत्या म्हणून. आंबा पुढच्या मोसमात खुला झाला, भाज्यांना त्याहून जास्त वाट पाहावी लागली.

घोडकाठच्या काकांनी ढीग पुरला आणि दोन महिने रोज बादली फिरवली. बाभळीखाली आता चार गावठी कोंबड्या सोडल्यात. माती उकरून त्या कोष टिपतात. मांडवात मात्र त्यांना जाऊ देत नाहीत, कोवळी रोपंही उकरतात म्हणून.